दांत सरळ करणारे पारदर्शक साचे



वांकडे दांत सरळ करावयाचे म्हणजे चौदापंधराव्या वर्षीं तोंडांत तारा बांधून घ्यावयाच्या, आणि तें वय एकदां उलटलें कीं आहेत त्या दांतांवर आयुष्य काढावयाचें, अशी समजूत आपल्याकडे अजून पुष्कळ घरांतून आढळते. गेल्या पंचवीस वर्षांत ही समजूत मागें पडावी असें एक साधन प्रचारांत आलें आहे. नखाहून फारसा जाड नसलेला, कांचेसारखा आरपार दिसणारा प्लास्टिकचा एक साचा दांतांवर टोपणासारखा बसवितात. आठपंधरा दिवसांनीं तो काढून त्याच्या जागीं किंचित् निराळ्या घडणीचा दुसरा, त्यानंतर तिसरा, असे पंधरा, वीस, कधीं चाळीस साचे बदलीत दांत हळूहळू ओळींत आणतात. इंग्रजींत ह्यांना ‘अलायनर’ म्हणतात. मी आपला ‘साचे’च म्हणेन.

ह्यांच्या जाहिराती पाहिल्या म्हणजे हें काम चष्म्याची काडी बदलण्याइतकें सोपें वाटूं लागतें. उलट एखाद्या निराश झालेल्या गृहस्थाशीं बोलावें तर सारा पैसा पाण्यांत गेला असें ऐकावयास मिळतें. दोघांचेंहि बोलणें एकाच कारणानें अपुरें असतें. ह्या उपचारांत साच्याचा वांटा किती आणि तो घालणाराचा किती, हें कोणी नीट सांगत नाहीं. मी दंतवैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन चौतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केलेला एक सामान्य मनुष्य आहें. परंतु वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं मीं हे साचे स्वतः घातले, सतरा महिने वापरले, आणि जुन्या संवयीनें त्यांची हजेरी रोजच्या रोज वहींत मांडली. ती वही आणि माझ्या दंतवैद्यांना वेळोवेळीं विचारून घेतलेली माहिती, ह्यांच्या आधारें मी बोलणार आहें.

प्रथम दांत हालतो कसा, हें पाहूं. दांत म्हणजे भिंतींत ठोकलेली खुंटी नव्हे. त्याचें मूळ आणि जबड्याचें हाड ह्यांच्यामध्यें सुमारें पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा एक पडदा असतो, आणि त्या तंतूंनीं दांत हाडाच्या खोबणींत टांगल्यासारखा राहतो. त्यावर हलका पण सतत दाब ठेवला कीं ज्या बाजूला तो रेटला जातो त्या बाजूचें हाड शरीरांतील कांहीं पेशी विरघळवूं लागतात, आणि मागें मोकळ्या पडलेल्या बाजूला दुसऱ्या पेशी नवें हाड भरीत येतात. कार्ल सँडस्टेट ह्या स्वीडिश संशोधकानें १९०४ च्या सुमारास कुत्र्यांच्या दांतांवर प्रयोग करून हा व्यवहार सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. तार असो, रबर असो कीं प्लास्टिक असो, काम करतें तें शरीर. साधन केवळ दाब देतें. म्हणून ह्या कामाचा वेगहि शरीराच्या मर्जीवर राहतो. महिन्याला एखादा मिलिमीटर सरकला तरी पुष्कळ झालें. एक साचा दांताला फार तर पाव मिलिमीटर हालवूं पाहतो. दाब वाढवून घाई केली तर त्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो, तंतु मरतात, आणि दांत पुढें जाण्याऐवजीं कांहीं काळ अडून बसतो.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. हॅरोल्ड केस्लिंग ह्या अमेरिकन दंतवैद्यानें १९४५ सालीं रबराचें एक अखंड साधन पुढें आणलें. तारांचें काम संपत आल्यावर राहिलेलें अल्पस्वल्प अंतर तें भरून काढीत असे. आणि अशा साधनांची एक मालिका केली तर मोठी हालचालहि साधेल, असें त्यानें तेव्हांच म्हटलें होतें. अडचण होती ती हाताच्या कामाची. प्रत्येक पायरीला प्लास्टरच्या नमुन्यांतील दांत करवतीनें कापून मेणांत नव्यानें बसवावयाचे, हें चाळीस वेळां कोण करणार? १९९७ सालीं झिया चिश्ती व केल्सी वर्थ ह्या स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनीं कॅलिफोर्नियांत कंपनी काढून हें कापण्यासांधण्याचें काम संगणकावर सोंपविलें, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें त्यांच्या साच्यांना परवानगी दिली. दोघेहि दंतवैद्य नव्हते, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. आज असे साचे करणाऱ्या कंपन्या अनेक आहेत. आपल्या देशांतहि ते तयार होतात.

आतां माझ्याकडे वळतों. “साठीच्या पुढें हा नखरा कशाला?” असा प्रश्न घरांत झाला आणि शेजारींहि झाला. परंतु माझा प्रश्न नखऱ्याचा नव्हता. खालचे पुढचे चार दांत वयाबरोबर एकमेकांवर चढत गेले होते. त्यांच्या सांदींत ब्रश शिरत नसे, कीटण सांचे, हिरडीतून रक्त येई, आणि एका दांताची हिरडी तर बरीच खालीं गेली होती. माझ्या वडिलांचें पंचावन्नाव्या वर्षींच बोळकें झालें. पुढें कवळी आली, पण ती त्यांना कधीं मानवली नाहीं. शेवटचीं वीस वर्षें ते भाकरी दुधांत कुसकरून खात. तें चित्र डोळ्यांपुढें असल्यामुळें मीं दंतव्यंगोपचाराच्या तज्ज्ञांकडे जाण्याचें ठरविलें.

त्यांनीं पहिल्या भेटींत साच्यांचें नांवहि काढलें नाहीं. हिरड्या तपासल्या, क्षकिरण-चित्रें घेतलीं, आणि मला हिरड्यांच्या डॉक्टरांकडे धाडलें. सुजलेल्या हिरडींतला दांत हालविला तर हाड जितकें विरघळतें तितकें पुन्हां भरत नाहीं, आणि सरळ झालेला दांत हातांत येण्याची पाळी येते, असें त्यांचें सांगणें होतें. आधीं पाया मग कळस, हें येथें अक्षरशः खरें आहे. माझे पांच महिने हिरड्या निरोगी करण्यांत गेले. शिवाय दांत सरळ झाले म्हणजे हिरड्या आपोआप सुधारतील असें समजूं नका, फक्त त्या स्वच्छ ठेवणें सोपें जाईल, असेंहि त्यांनीं बजावलें. मग औषधांची चौकशी झाली. माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं, विशेषतः भगिनींनीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून ‘बिस्फॉस्फोनेट’ जातीचीं औषधें पुष्कळांना चालूं असतात. त्यांनीं हाडांची मोडतोड मंदावते, आणि दांत हालण्यास तर तीच मोडतोड हवी. अशीं औषधें चालूं असल्यास, किंवा मधुमेह आटोक्यांत नसल्यास, तें आधीं सांगितलेंच पाहिजे. तुम्हांला कोणी हे प्रश्न न विचारतां पहिल्याच दिवशीं आगाऊ रक्कम मागितली, तर छत्री उचलून घरचा रस्ता धरावा.

त्यानंतर मापें. पूर्वीं तोंडांत लगदा भरून ठसा घेत; आतां एक लहानसा कॅमेरा दांतांवरून फिरवितात आणि दोन्ही दंतपंक्ति संगणकाच्या पडद्यावर उमटतात. तेथें तुम्हांला एक चलच्चित्र दाखवितात. आजचे वांकडे दांत पाहतां पाहतां सरकत जाऊन मोत्यांच्या सरासारखे उभे राहतात. पाहून मन हरखतें, आणि नेमकें येथेंच सावध राहावयाचें. तो आराखडा आहे, वचन नव्हे. आराखड्यांत दाखविलेल्या हालचालीपैकीं प्रत्यक्षांत किती उतरली, ह्याचें मोजमाप अमेरिकेंत झालें आहे. २००९ सालच्या पाहणींत पुढच्या दांतांच्या बाबतींत तें प्रमाण सरासरीनें ४१ टक्के निघालें, आणि साधनें सुधारल्यावर २०२० सालीं झालेल्या पाहणींत सर्व दांत धरून ५० टक्के. म्हणजे निम्में. ह्याचा अर्थ उपचार फसतो असा नाहीं. पहिली मालिका संपल्यावर पुन्हां मापें घेऊन उरलेल्या कामासाठीं नवी मालिका करावी लागते, आणि ही गोष्ट अपवाद नसून नित्याची आहे. माझे पहिले साचे बावीस होते. नंतर आणखी अकरा लागले. पहिल्या बाविसांतच सर्व संपेल असें धरून चालणारा मनुष्य तेविसाव्याला निराश होतो.

साच्यांतहि सर्व हालचाली सारख्या सोप्या नसतात. पुढे झुकलेला दांत मागें कलविणें त्यांना चांगलें साधतें. सुळा किंवा उपदाढ गोलसर असल्यामुळें साचा तिच्यावरून निसटतो आणि ती जागच्या जागीं वळविणें कठीण जातें. आंत दबलेला दांत ओढून बाहेर काढणें त्याहून कठीण. म्हणून दांतांवर दांतांच्याच रंगाचे मुगाच्या दाण्याएवढे उंचवटे चिकटवितात. साच्याला त्यांच्यावर पकड मिळते. जाहिरातींतल्या स्मितवदनांत हे उंचवटे दिसत नाहींत, प्रत्यक्षांत जवळून पाहणाराला दिसतात. दाटी मोडण्यासाठीं दोन दांतांमधलें बाहेरचें कवच बारीक पट्टीनें घासून किंचित् जागा करितात. ‘कानस’ हा शब्द कानीं पडतांच माझ्या पोटांत गोळा आला होता, परंतु दर जोडींत अर्ध्या मिलिमीटरच्या आंतच घासावयाचें असतें, आणि दुखत मुळींच नाहीं. जबडाच पुढेंमागें असेल तर मात्र हे साचे काय आणि तारा काय, एकट्यानें पुरे पडत नाहींत. तेथें शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. आणि हाडांत स्क्रूनें बसविलेला कृत्रिम दांत कोणत्याच उपायानें हालत नाहीं, कारण मघांशीं सांगितलेला तंतूंचा पडदा त्याला नसतो.

आतां घालण्याविषयीं. साचा दिवसांतून बावीस तास तोंडांत हवा. हें गणित चौथीच्या मुलालाहि येईल: उरले दोन तास. त्यांत दोन जेवणें, न्याहारी, चहा आणि प्रत्येक खाण्यानंतर दांत घासणें हें सारें बसवावयाचें. साचा घालून साध्या पाण्याखेरीज कांहीं घेतां येत नाहीं. गरम चहानें तो वांकतो, त्यावर डाग पडतात, आणि गोड घोट आंत कोंडून राहून दांत किडतात. हळदीचें तर विचारूंच नका. आमटी ओरपून दांत न घासतां साचा चढविला तर संध्याकाळपर्यंत तो केशरी होतो. आमच्या घरीं चहा पांच वेळां होत असे. माझ्यापुरता तो दोनवर आला, आणि तोहि जेवणाला जोडून. सुपारीचें खांड दिवसभर तोंडांत घोळविण्याची माझी संवय ह्या निमित्तानें सुटली. येताजाता चिवड्याच्या डब्यांत हात घालणाराचें वजन ह्या उपचारांत थोडें उतरतें, असें माझ्या दंतवैद्यांनीं हंसत सांगितलें; माझें दोन किलो उतरलें.

माझ्या वहींत पहिल्या महिन्याची सरासरी एकवीस तास आहे, आणि तिसऱ्या महिन्यांत लग्नसराई लागली तेव्हां ती सतरावर घसरलेली दिसते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तें हेंच. पुढचा साचा दांतांवर पुरता बसेना. दंतवैद्यांनीं न रागावतां तोच मागला साचा आणखी दहा दिवस घालावयास लावला. साचा आणि दांत ह्यांच्यामध्यें फट दिसत असतांना पुढच्या साच्यावर उडी मारणें म्हणजे बेरीज न येतां भागाकार शिकूं पाहणें आहे. प्रत्येक पायरीगणिक फट वाढत जाते.

दुखतें काय, असें सर्वजण विचारतात. दुखतें, परंतु सोसण्याजोगें. नवा साचा घातल्यावर दोनतीन दिवस दांत ठणकल्यासारखे होतात, आणि पेरू किंवा भाकरीचा कडक पापुद्रा चावतांना हिसका बसतो. म्हणून नवा साचा रात्रीं निजतांना चढवावा. पहिले कांहीं तास झोपेंत जातात. कांठ जिभेला वा गालाला टोंचला तर तो घरीं कात्रीनें कापूं नये. दंतवैद्य दोन मिनिटांत गुळगुळीत करून देतात. पहिल्या आठवड्यांत लाळ सुटते आणि ‘स’, ‘श’, ‘च’ हीं अक्षरें जिभेवरून घसरतात. जन्मभर शुद्ध उच्चारांचा आग्रह धरलेल्या माणसाला हें फार बोचतें. मीं रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्यानें वाचण्याचा क्रम ठेवला. नवव्या दिवशीं नातीनें प्रमाणपत्र दिलें कीं आतां आजोबा पूर्वींसारखे रागावतात.

साचा काढल्यावर डबींतच ठेवावा, रुमालांत किंवा कागदांत कदापि गुंडाळूं नये. माझा एक जुना विद्यार्थी एका लग्नाच्या पंगतींत कागदी रुमालांत गुंडाळलेला आपला साचा पत्रावळीवर विसरला. वाढप्यांनीं पत्रावळी उचलल्या, आणि नंतर हा वरपक्षाकडील पाहुणा मांडवामागें उष्टीं चिवडीत बसलेला सर्वांनीं पाहिला. साचा सांपडला नाहीं. अशा वेळीं मागला साचा जवळ असावा, म्हणून जुने साचे लगेच फेंकूं नयेत. धुण्यास थंड पाणी व मऊ ब्रश. उकळतें पाणी ओतलें तर साच्याचा आकारच बिघडतो.

मुलांसाठीं हें साधन घ्यावें काय? कांहीं साच्यांवर निळा ठिपका असतो. घातल्या तासांच्या मानानें तो फिका होत जातो आणि मुलाची लबाडी उघडी पडते. पण माझें मत विचाराल तर ज्या मुलाची महिन्याला एक कंपासपेटी हरवते त्याला ताराच बऱ्या. तारा काढून ठेवतां येत नाहींत, हा त्यांचा मोठा गुण आहे. गुंतागुंतीचें काम असल्यास मोठ्यांनींहि त्यांना नाक मुरडूं नये.

घरबसल्या ठसे पाठवून टपालानें साचे मागविण्याचा एक प्रकार परदेशांत फार फोफावला होता. अमेरिकेंतील ‘स्माइल डायरेक्ट क्लब’ ही त्यांतली सर्वांत गाजलेली कंपनी २०१४ सालीं निघाली. २०२३ च्या सप्टेंबरांत तिनें दिवाळें जाहीर केलें आणि डिसेंबरांत कारभार एकाएकीं बंद केला. उपचार अर्ध्यावर असलेली माणसें तशींच राहिलीं, आणि हप्ते मात्र भरीत राहा असें त्यांना कळविण्यांत आलें. हिरड्यांत बोट घालून न पाहतां, क्षकिरण-चित्र न घेतां, दांतांचीं मुळें हाडांत कितपत रुजलेलीं आहेत हें कोणाला कळणार? माझ्या बाबतींत तो मार्ग धरला असता तर ते पांच महिने वांचले असते आणि कदाचित् दांत गेले असते.

खर्च लाखाच्या घरांत जातो, कित्येकदां त्याहूनहि पुष्कळ अधिक. म्हणून पैसे देण्यापूर्वीं लेखी विचारून घ्यावें: दुसरी मालिका लागली तर तिचे पैसे ह्यांतच आहेत काय, शेवटचे राखण-साचे ह्यांत धरले आहेत काय, आणि साचा हरवल्यास काय आकार पडेल. आराखडा मंजूर करणारा मनुष्य दंतव्यंगोपचारांत तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलेला आहे काय, हेंहि विचारण्यांत संकोच नसावा. दुसरें मत हवें असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपति संभाजीनगर येथें सरकारी दंत-महाविद्यालयें आहेत. तेथें ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च अल्प येतो. वेळ मात्र काढावा लागतो.

शेवटीं मिळालें काय? खालचे चार दांत ओळींत आले. ब्रश सर्वत्र पोंचतो आणि रक्त येणें थांबलें आहे. दोन दांतांच्या मध्यें हिरडीलगत एक काळसर त्रिकोणी फट मात्र दिसूं लागली. दाटीमुळें ती पूर्वीं झांकलेली होती. उतारवयांत हिरडी खालीं गेलेल्यांना ती बहुधा दिसतेच, आणि तिची कल्पना मला अगोदर दिलेली होती. आराखड्यांतल्या चित्रांत ती फट नव्हती.

आणि उपचार संपला असें म्हणतात तेव्हां तो संपलेला नसतो. हाड नवें भरलें तरी हिरडींतले ताणलेले तंतु दांताला जुन्या जागेकडे पुष्कळ काळ ओढीत राहतात. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठानें तारांनीं दांत सरळ केलेल्या लोकांची पुढें वीस वर्षें पाहणी करून १९८८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. राखण बंद केलेल्या त्या लोकांत खालचे पुढचे दांत समाधानकारक राहिलेले सुमारें दहांत एकच निघाले. साच्यांनीं सरळ केलेले दांत ह्या नियमाला अपवाद असण्याचें कारण नाहीं. म्हणून राखण-साचा पहिले सहा महिने दिवसरात्र घालण्यास मला सांगितलें, आणि त्यानंतर रोज रात्रीं. कोठपर्यंत, असें विचारतां दंतवैद्य म्हणाले, दांत हवे असतील तोंपर्यंत. मीं त्याचे दोन जोड करून घेतले आहेत. एक वापरांत असतो, दुसरा कपाटांत. पहिल्याला चीर गेली कीं त्याच आठवड्यांत दुसरा काढावयाचा आणि नव्याचें माप द्यावयास जावयाचें.